आईला विचारलं, आणि माझा अंदाज साफ चुकला

चार वर्षांपूर्वी बाबा आयसीयूमध्ये होते, व्हेंटिलेटर लावून सहावा दिवस, आणि डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना शेजारच्या छोट्या खोलीत बोलावलं. खुर्च्या तीन आणि माणसं चार, म्हणून मी दाराला टेकून उभी राहिले. डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या, रात्रपाळी करून दमलेल्या दिसत होत्या, पण त्यांनी अजिबात घाई केली नाही. फुप्फुसं साथ देत नाहीयेत, किडन्याही मागे पडायला लागल्यात, डायलिसिस लागेल, गळ्याला छोटं भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल, असं सगळं नीट सांगितलं आणि मग विचारलं, "समजा बाबा आत्ता पाच मिनिटं उठून बसले, स्वतःची अवस्था त्यांनी बघितली, तर ते आपल्याला काय सांगतील?"

ताई म्हणाली, ते म्हणतील मला घरी न्या. दादा म्हणाला, ते हार मानणाऱ्यातले नाहीत, जे जे करता येईल ते सगळं करा. मी म्हणाले, मला खरंच माहीत नाही. आई काहीच बोलली नाही, ती रुमालाने बाबांचा चष्मा पुसत होती, सहा दिवसांत तो चष्मा कुणी घातलाच नव्हता तरी पुसत होती.

त्या खोलीत आम्ही तिघांनी प्रश्नाचं उत्तर दिलंच नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं. ताईला बाबांना तसं बघवत नव्हतं, ते ती बोलली. दादाला बाबा हवे होते, ते तो बोलला. मला निर्णयाची भीती वाटत होती. बाबांना काय हवं होतं हे कुणीच सांगितलं नाही कारण आम्हाला ते माहीतच नव्हतं, आणि माहीत नव्हतं कारण पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात, आमच्या एवढ्या सगळ्या गप्पांमध्ये, हा एक प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता.

मग अशा वेळी जे होतं तेच झालं, म्हणजे सगळं करा. सही दादाने केली. डायलिसिस झालं, गळ्यातली नळी झाली, आणि सतराव्या दिवशी पहाटे हृदय थांबलं तेव्हा सीपीआरही, म्हणजे छाती दाबून हृदय परत सुरू करायचा प्रयत्नही झाला.

एक गोष्ट आहे जी मी आजवर कुठे लिहिली नव्हती. गळ्याला भोक पाडायच्या आधी, नळी तोंडातून होती तेव्हा, बाबांचे दोन्ही हात कॉटच्या कठड्याला कापडी पट्टीने सैलसर बांधलेले असायचे, कारण गुंगी जरा कमी झाली की ते नळी ओढायला जायचे. नर्स अगदी मायेने करायच्या ते, पट्टीखाली कापसाची घडी ठेवायच्या, दर थोड्या वेळाने सोडून मनगट चोळायच्या, तरी त्या घडीखाली लाल वळ उठलेलाच. बाबा नळी ओढतायत म्हणजे त्यांना ती नकोय का, हा प्रश्न आम्हाला त्यांच्या जाण्यानंतर दोन वर्षं पुरला. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की घशात नळी असलेलं कुठलंही माणूस अर्धवट शुद्धीत तिला हात घालतंच, ते शरीर करतं, त्यावरून मनात काय आहे ते ठरवू नका. मला पटलं होतं. पण रात्री तीन वाजता जाग आली की पटलेलं सगळं गळून पडतं आणि फक्त ते मनगट दिसतं. बाबांनी आधी एक वाक्य जरी बोलून ठेवलं असतं, नळी चालेल किंवा नळी नको, कुठलंही, तरी आम्हाला त्यांच्या हाताकडून उत्तर काढत बसावं लागलं नसतं.

आणि आता ऐका. बाबा गेल्यानंतर महिनाभराने त्यांचे एक जुने मित्र भेटायला आले, रोज सकाळी दोघं फिरायला जायचे, आणि बोलता बोलता ते सहज म्हणाले, "तो मला म्हणायचा, एकदा काय ते पूर्ण ताकदीने करून बघावं, पण नाही जमलं तर रेटत बसू नये." म्हणजे बाबा बोलले होते! अगदी स्वच्छ शब्दांत बोलले होते, फक्त आमच्यासमोर नाही. त्यांना काय हवं होतं ते ना ताईचं उत्तर होतं ना दादाचं, दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं, आणि ते त्या खोलीत आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

तेव्हापासून मी या विषयाचं जे हाताला लागेल ते वाचत गेले. आधी सीपीआरचं वाचलं, कारण ती पहाट डोक्यातून जात नव्हती. छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्त फिरवत ठेवता येतं हे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० साली छापलं, आणि त्यांच्या पहिल्या २० पेशंटपैकी १४ वाचले होते. पण त्यातल्या बऱ्याच जणांचं हृदय ऑपरेशनच्या वेळी किंवा भूल देताना अचानक थांबलं होतं, म्हणजे बाकी शरीर ठणठणीत आणि एक झटका बसलेला. अशा माणसाला, किंवा पाण्यात बुडालेल्या, शॉक लागलेल्या माणसाला सीपीआर म्हणजे खरंच पुनर्जन्म, ते शिकून घ्यावंच प्रत्येकाने. पण पुढे तो प्रत्येक थांबलेल्या हृदयाला द्यायची पद्धत पडली, ज्याचं शरीर महिनोन्‌महिने एकेक करून बंद पडत आलंय त्यालाही. हॉस्पिटलमध्ये असताना हृदय थांबून सीपीआर मिळालेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण घरी जातो, आणि वय जास्त, आजार शेवटच्या टप्प्यातला असेल तर त्याहून खूपच कमी. फासळ्या मोडतात, नीट दाबलं तरी बऱ्याचदा मोडतात. १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, अमेरिकन टीव्ही मालिकांमधले सीपीआरचे प्रसंग मोजून, तर पडद्यावर ७५ टक्के पेशंट त्या प्रसंगातून वाचत होते. आपल्या डोक्यात जे चित्र असतं ते तिथून आलेलं असतं, आणि सही करताना आपण त्या चित्रावर सही करत असतो.

डीएनआर या शब्दाचा पण किती गैरसमज आहे. डू नॉट रिससिटेट, म्हणजे हृदय थांबलं तर छाती दाबू नका, बस इतकंच. अँटिबायोटिक चालू, ऑक्सिजन चालू, दुखण्यावरचं औषध तर चालूच चालू, आयसीयूत ठेवायचं असेल तर तेही. पण घरच्यांना वाटतं त्या कागदावर सही केली की डॉक्टर आपल्या माणसाकडे बघायचंच बंद करणार, आणि आम्हालाही अगदी तसंच वाटलं होतं, म्हणून दादाने तो कागद बाजूला सारला होता.

मग हा सगळा विचार आला कुठून ते शोधायला लागले. लिव्हिंग विल ही कल्पना शिकागोच्या लुईस कुटनर नावाच्या वकिलांनी १९६९ मध्ये एका कायद्याच्या जर्नलमध्ये मांडली, की माणूस संपत्तीचं मृत्युपत्र करतो तसं जिवंतपणीच्या उपचारांचंही करून ठेवू शकला पाहिजे. पुढे कोर्टात ज्या मोठ्या केसेस गाजल्या त्या वाचताना मला एक गोष्ट इतकी लागली की मी वही बंद करून ठेवली थोडा वेळ. कॅरन क्विनलन, १९७५ मध्ये कोमात गेली तेव्हा वय २१. नॅन्सी क्रूझन, १९८३ मध्ये गाडीचा अपघात, वय २५. टेरी शियाव्हो, १९९० मध्ये घरात कोसळली, वय २६. आणि आपल्या अरुणा शानबाग, १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्याही २५ वर्षांच्या, आणि त्यानंतर ४२ वर्षं त्या तशाच पडून होत्या, २०१५ पर्यंत. एकही म्हातारी नाही. आपण मात्र हा विषय सत्तरीच्या पुढचा म्हणून ढकलत राहतो, आणि ज्यांच्यामुळे जगाला याचा विचार करावा लागला त्या सगळ्या तिशीच्या आतल्या मुली होत्या.

क्विनलनच्या आईवडिलांनी व्हेंटिलेटर काढायची परवानगी मागितली आणि १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने ती दिली. व्हेंटिलेटर काढला, आणि कॅरन स्वतःच्या श्वासावर १९८५ पर्यंत जगली, नऊ वर्षं! नळीने अन्न चालू होतं, ते आईवडिलांनी कधी बंद करायला सांगितलंच नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मशीन काढणं म्हणजे मारणं असं ज्यांना वाटतं (मलाही वाटायचं) त्यांनी या नऊ वर्षांचा विचार करावा. उपचार थांबवणं म्हणजे शरीराला त्याच्या वाटेने जाऊ देणं, आणि इंजेक्शन देऊन जीव घेणं ही वेगळी गोष्ट, कायद्यातही वेगळी. आपल्या बोलण्यात मात्र दोन्हीला एकच शब्द, इच्छामरण, त्यामुळे घरात विषय काढला की समोरचा दचकतो.

क्रूझनच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये सांगितलं की तिची स्वतःची इच्छा काय होती याचा स्पष्ट पुरावा राज्य मागू शकतं, नुसतं आईवडील म्हणतायत एवढ्याने भागणार नाही. मग तिच्याबरोबर पूर्वी काम केलेली माणसं पुढे आली, ती आमच्याशी बोलताना असं असं म्हणाली होती अशी साक्ष दिली, आणि त्यावर आईवडिलांच्या बाजूने निकाल लागला. हे वाचताना मला बाबांचे मित्र आठवले. आणि शियाव्होची तर फरफटच झाली, लिहिलेलं काही नाही, नवरा म्हणतो तिला हे नको होतं, आईवडील म्हणतात हवं होतं, दोन्ही बाजू तिच्यावर प्रेम करणाऱ्या, आणि भांडण कोर्टातून राज्यपालांपर्यंत, संसदेपर्यंत गेलं, २००५ मध्ये ती गेली तोवर.

भारतात ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हणून लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती, सही न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर वगैरे, की फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानेच ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, आणि आपल्या वतीने बोलायला एकापेक्षा जास्त माणसांची नावं घालता येतात. कागद केला म्हणजे कुणी लगेच काही बंद करतं असंही नाही, पेशंट स्वतः ठरवायच्या अवस्थेत नसेल आणि बरं व्हायची आशा उरलेली नसेल तेव्हाच तो कागद बोलायला लागतो, आणि तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळं बघून मग निर्णय होतो. प्रत्येक देशात नियम वेगळे, फॉर्म वेगळे, पण आत लिहायचं काय हा प्रश्न सगळीकडे तोच.

आणि खरी गंमत तिथेच आहे, लिहायचं काय.

मी ठरवलं की आईला विचारायचं. ठरवलं आणि आठ महिने विचारलं नाही. कधी ती थकलेली असायची, कधी मी, कधी ती इतकी आनंदात असायची की हे काढावंसं वाटायचं नाही. शेवटी मी तिच्यापासून सुरुवातच केली नाही, स्वतःपासून केली. म्हटलं, "आई, मी माझ्यासाठी एक कागद लिहितेय, मला काही झालं आणि बोलता आलं नाही तर काय करायचं त्याचा, जरा बघतेस का?" ती शब्दकोडं सोडवत होती, तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "भलतंसलतं काय लिहितेस," आणि मग दोन मिनिटांनी म्हणाली, "दाखव."

आता माझा अंदाज काय होता ते सांगते. आई ७४ वर्षांची. आयुष्यभर तिचं एकच पालुपद, मला कुणाला त्रास द्यायचा नाही. बाबांचं ते सगळं तिने डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळे मला शंभर टक्के खात्री होती की ती म्हणणार, मला नळी नको, मशीन नको, काही नको, शांतपणे जाऊ द्या. मी तर मनातल्या मनात तिचा फॉर्म भरूनही टाकला होता.

ती म्हणाली, "त्रास द्यायचा नाही म्हणजे मला जायची घाई झालीय असं नाही."

मग म्हणाली, न्यूमोनियासारखं काही झालं, आणि डॉक्टर म्हणाले यातून उठायची शक्यता आहे, तर मला लावा ते मशीन. दहा दिवस बघा. दहा दिवसांत सुधारणा नसेल तर काढा, गळ्याला भोक पाडू नका. मी ऐकतच राहिले. डॉक्टरांच्या भाषेत याला टाइम-लिमिटेड ट्रायल म्हणतात, ठरावीक मुदतीपुरते पूर्ण उपचार, आधीच ठरवून ठेवायचं की काय सुधारलं तर पुढे जायचं आणि काय नाही सुधारलं तर थांबायचं, आणि त्या दिवशी परत बसून बोलायचं. आईला हा शब्द माहीत नाही, पण तिने बोटांवर दिवस मोजून मला तेच सांगितलं. बाबाही त्यांच्या मित्राला तेच म्हणाले होते की.

२००६ मध्ये एक मोठा आढावा छापला गेला होता, आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून, की पेशंटच्या जवळच्या माणसाला विचारलं त्यांना काय हवं असेल, तर उत्तर कितपत बरोबर येतं. ६८ टक्के वेळा. म्हणजे दर तीन वेळांमागे एकदा नवरा, बायको, मुलगी, जे सगळ्यात जवळचे तेच चुकतात. मी हा आकडा वाचला तेव्हा वाटलं होतं, असतील कुणीतरी, आमच्यात तसं नाही. आणि मी माझ्या आईच्या बाबतीत, जिच्याशी मी रोज बोलते, साफ चुकले होते.

ते एका बैठकीत झालं नाही हे पण सांगते. चार-पाच वेळा झालं, कधी दहा मिनिटं, कधी तासभर. फॉर्मवरचे प्रश्न, व्हेंटिलेटर हवा का नको, डायलिसिस हवं का नको, असे विचारले की ती अडखळायची, आणि बरोबरच आहे, कुठल्या परिस्थितीत ते माहीत नसताना कोण काय सांगणार. मग मी प्रश्न बदलला. काय उरलं तर तुला जगणं तुझं वाटेल, आणि काय गेलं तर नाही वाटणार? यावर ती खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चालता आलं नाही तरी चालेल. डोळे गेले, वाचता आलं नाही तरी चालेल, कुणीतरी वाचून दाखवा. पण वाचलेलं मला कळलं पाहिजे. ते कळेनासं झालं, आणि परत कळणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, की मग मला अडवून ठेवू नका." तिचं हे एक वाक्य मला दहा फॉर्मपेक्षा उपयोगाचं आहे. यावरून मी उद्या कुठल्याही डॉक्टरांशी बोलू शकते, त्या उपचाराचं नाव आम्ही आधी ऐकलेलं नसलं तरीही.

नळीने अन्न द्यायचं का, हे मी मुद्दाम विचारलं, कारण विसराळूपणाचे आजार म्हातारपणात कुणालाही गाठतात आणि तिथे घरच्यांची सगळ्यात जास्त घालमेल याच प्रश्नावर होते. डिमेंशियाच्या शेवटच्या टप्प्यात पोटात नळी घालून आयुष्य वाढतं किंवा छातीत अन्न जायचं थांबतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, म्हणून आता वृद्धांचे डॉक्टर सांगतात की जेवढं घेतील तेवढं हाताने, सावकाश भरवा. आणि अगदी शेवटच्या दिवसांत भूक जाते ती शरीर बंद होत आलंय म्हणून, खाल्लं नाही म्हणून शरीर बंद होतं असं नाही. हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग चमच्याने भरवा, आणि मी तोंड मिटलं की आग्रह करू नका."

आणि शेवटी, कागद संपत आला असं मला वाटत असताना, ती म्हणाली, "एक राहिलं. माझे हात बांधू नका." मी मान वर केली नाही. "वेळच आली तर कुणीतरी शेजारी हात धरून बसा, नाहीतर झोपेचं औषध जास्त द्या म्हणावं डॉक्टरांना. पण बांधू नका." चार वर्षं आम्ही दोघी त्या मनगटाबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोललो नव्हतो.

आपल्या वतीने कोण बोलणार हे ठरवणं मला वाटतं कागदाच्याही आधीचं काम. मी धरून चालले होते की मोठी म्हणून ताई. आईने माझं नाव घातलं. म्हणाली, ताईला माझं दुखलेलं बघवत नाही, ती समोरचा म्हणेल त्याला हो म्हणून टाकेल, तू आधी चार प्रश्न विचारतेस. ताईला वाईट वाटलं, वाटणारच, आणि बरं झालं ते आता वाटलं, कारण आईने तिला समोर बसवून का ते सांगितलं. आयसीयूच्या दारात जर तिला हे कळलं असतं तर? सगळ्यात जास्त जीव लावणारं माणूस या कामाला योग्य असेलच असं नाही, फोन लागेल असं, भर गर्दीत शांत राहून विचारेल असं, आणि स्वतःला पटत नसतानाही तुमचं म्हणणं मांडेल असं माणूस हवं. आणि त्याला आधी विचारायला हवं, परस्पर नाव घालू नये.

दादाबद्दल लिहिलं नाही तर हे अर्धवट राहील. तो लांब राहतो, बाबांच्या आजारपणात तिसऱ्या दिवशी पोचला, आणि आल्या आल्या त्याने सगळी सूत्रं हातात घेतली, डॉक्टरांवर आवाज चढवला, हे का नाही केलं, ते का नाही केलं. मला त्याचा फार राग होता. नंतर वाचनात आलं की डॉक्टरांनी याला चक्क नाव देऊन ठेवलंय, १९९१ मध्ये एका मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं, डॉटर फ्रॉम कॅलिफोर्निया, लांबून येणारं आणि सगळं करा म्हणणारं मूल. ते नाव मला आवडलं नाही. त्या मुलाने शेवटचं वर्ष पाहिलेलंच नसतं ना. आम्ही बाबांना हळूहळू थकताना बघितलं होतं, जिना बंद झाला, मग फिरणं बंद झालं, मग खुर्चीतून उठायला हात लागायला लागला. दादाच्या डोळ्यांसमोर फोनवर खणखणीत आवाजात बोलणारे बाबा होते, आणि समोर एकदम ते. मीही त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. म्हणून आता आईचं जे काही होतं, बीपी वाढलं, पडली, तोल जातो, ते सगळं मी त्याला कळवते, बरं आहे बरं आहे म्हणून सांगत नाही.

अजून एक राहून जाईल म्हणून लिहिते, पॅलिएटिव्ह केअर. हा शब्द आम्हाला सोळाव्या दिवशी ऐकायला मिळाला आणि आम्हाला वाटलं आता सगळं संपलं म्हणून हे सांगतायत. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं तेव्हापासून हे शास्त्र उभं राहिलंय, दुखणं, धाप, भीती, झोप, घरच्यांचे हाल, सगळ्यांकडे एकत्र बघणारं. आणि ते उपचार सोडल्यावर घ्यायचं असं मुळीच नाही. २०१० मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटवर अभ्यास झाला, नेहमीच्या उपचारांबरोबर ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली त्यांचं जगणं सुसह्य तर झालंच, आणि शेवटी आक्रमक उपचार कमी घेऊनही ते जास्त जगले, साधारण ११.६ महिने, दुसऱ्या गटाचे ८.९. आम्ही पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. तुम्ही पहिल्या दिवशी विचारा.

कागदाचं म्हणाल तर तो कुलपात ठेवू नका. रात्री दोनला ॲम्ब्युलन्स आली तर लॉकर कोण उघडणार. आईचा मूळ कागद तिच्या औषधांच्या डब्याच्या झाकणात घडी करून आहे, कॉपी आम्हा तिघांकडे आणि तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये. आणि तो एकदा लिहून विसरायचा नसतो, काही वर्षांनी, नवीन आजार निघाला तर, घरात कुणी गेलं तर, नाती बदलली तर, अंगातली ताकद उतरायला लागली तर, परत काढून वाचायचा. तब्येत बिघडते तशी माणसाची मतं बदलतात, दोन्हीकडे बदलतात, आज जे सहनच होणार नाही असं वाटतं त्यात माणूस रमतोही.

आईने पहिला मसुदा शब्दकोड्याच्या पेन्सिलीने लिहिला होता, मी म्हटलं पेनाने लिही, तर म्हणाली आधी कच्चं असू दे, मत बदललं तर खोडता आलं पाहिजे. पक्का कागद नंतर रीतसर झाला, सह्या शिक्क्यांसकट. पण ती कच्ची वही तिने टाकली नाही, अधूनमधून काढून वाचते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "ते दहा दिवस लिहिलंय ना, ते चौदा कर. शेजारच्या बाई बाराव्या दिवशी शुद्धीवर आल्या." मी म्हटलं करू, पक्का कागदही नव्याने करून घेऊ. वहीतलं तिने स्वतःच खोडलं होतं, दहाचा शून्य अजून पुसट दिसतो, त्यावर चार काढलाय. त्या पानाचा फोटो मी ताईला आणि दादाला पाठवला.

ताईने लगेच हो लिहिलं. दादाचं उत्तर रात्री उशिरा आलं. "वाचलं. पूर्ण वही वाचली. हातांचं मला माहीत नव्हतं."